गाडी विकली, पण नाव कुणाचे?

सोलापूरच्या रस्त्यावर 'तेरा पासिंग' म्हटले की आणखी काही सांगावे लागत नाही. एम. एच. 13 ही आपल्या शहराची खूण आहे. पंचेचाळीस दिसले की गाडी अकलूजकडची, पंचवीस म्हणजे धाराशिवची, चोवीस म्हणजे लातूरची आणि के. ए. 32 म्हणजे कलबुर्गीची, हे आपली मुलेही ओळखतात. गाडीचा नंबर आपल्याला पाठ असतो. पण त्या नंबरापुढे आरटीओच्या नोंदीत नाव कुणाचे आहे, हे पाहण्याची तसदी फार थोडे लोक घेतात.

आपल्या मोहल्ल्यांत जुन्या गाड्यांचा व्यवहार बहुतेक ओळखीवर चालतो. कारखान्यातला सोबती, मेहुणा, शेजारी किंवा ओळखीचा एजंट मध्ये असतो. पैसे दिले, चावी घेतली, टीटी फॉर्मवर सह्या झाल्या, 'नाव सावकाश करून घेऊ' असे ठरले आणि विषय संपला. हे सावकाश वर्षानुवर्षे लांबते. मधल्या काळात गाडी तिसऱ्या-चौथ्या माणसाच्या हाती जाते. मग एक दिवस पहिल्या मालकाच्या दारात ई-चलन येते, पोलीस येतात किंवा न्यायालयाची नोटीस येते. म्हणून या अंकात आम्ही हा विषय घरातल्या सर्वांसाठी सोप्या शब्दांत मांडत आहोत.

सही केली म्हणजे विक्री झाली का?

मोटार वाहन कायदा 1988 मधील कलम 50 याबाबत स्पष्ट आहे. राज्यातल्या राज्यात गाडी विकली, तर विकणाऱ्याने 14 दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते. परराज्यात विकली, तर ही मुदत 45 दिवसांची आहे. विकत घेणाऱ्याने 30 दिवसांच्या आत गाडी आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करायचा असतो. नमुना 29 म्हणजे विक्रीची सूचना आणि नमुना 30 म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज. यांनाच आपण टीटी फॉर्म म्हणतो.

म्हणजे जबाबदारी दोघांवर आहे. 'घेणारा बघून घेईल' हे विकणाऱ्याचे म्हणणे कायद्यात बसत नाही. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ते एजंटच्या हाती सोपवणे म्हणजे आपल्या नावाचा कोरा चेक देण्यासारखे आहे.

अपघात झाला तर भरपाई कोण देणार?

कायद्याच्या कलम 2 (30) नुसार, ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे तो मालक. या एका ओळीचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात पक्का केला. त्यातली गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी विकली गेली होती, पण आरटीओत नाव पहिल्याचेच राहिले होते. दरम्यान अपघात झाला. 'मी तर गाडी केव्हाच विकली' हे पहिल्या मालकाचे म्हणणे न्यायालयाने मान्य केले नाही. ज्यांचा माणूस गेला त्यांनी गाडी कुणाकुणाच्या हातून गेली याचा माग काढत फिरावे, अशी अपेक्षा धरता येणार नाही. नोंदीत ज्याचे नाव तोच भरपाईला जबाबदार, असा तो निकाल आहे.

आता विचार करा. पंधरा-वीस हजारांना विकलेली जुनी मोटारसायकल. तिचा विमा संपलेला. चालवणारा कोण, हे आपल्याला माहीतही नाही. आणि भरपाईचा हुकूम मात्र आपल्या नावावर. विडी वळून किंवा लूमवर पाळ्या करून जमवलेली घरातली पुंजी अशा वेळी जाऊ शकते.

विकत घेणाऱ्याचेही नुकसान

नाव न बदलता गाडी वापरणाऱ्याला वाटते की चावी आपल्याकडे आहे, मग काळजी कसली? काळजी विम्याची आहे. कलम 157 प्रमाणे गाडी नावावर झाल्यापासून 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसीवरही नाव बदलून घ्यावे लागते. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे गेला असे कायदा मानतो; पण गाडीची चोरी झाली किंवा तिचे स्वतःचे नुकसान झाले, तर पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर असताना दावा अडकतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की, मालक-चालकासाठी जो 15 लाख रुपयांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो नोंदणीकृत मालकासाठी असतो. नाव दुसऱ्याचे आणि अपघातात जीव आपल्या मुलाचा गेला, तर घरच्यांना त्या रकमेवर हक्क सांगणे अवघड होते.

येथे एक गंमतीचा भेदही लक्षात ठेवावा. नंबर गाडीबरोबर जातो. पण विम्यातला 'नो क्लेम बोनस' माणसाबरोबर राहतो. गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचा दाखला घ्या, नव्या गाडीच्या हप्त्यात सवलत मिळते.

मरहूम व्यक्तीच्या नावावरची गाडी

घरातला कर्ता पुरुष अल्लाहला प्यारा होतो. दुःखाच्या दिवसांत गाडीच्या कागदांची आठवण कुणाला राहणार? मुलगा वडिलांची गाडी वापरत राहतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 56 नुसार वारसाने 30 दिवसांच्या आत मृत्यूची आणि गाडी पुढे वापरणार असल्याची माहिती आरटीओला द्यायची असते आणि तीन महिन्यांच्या आत नमुना 31 भरून नाव बदलण्याचा अर्ज करायचा असतो. रिक्षा असेल, तर परवान्याचा प्रश्नही येतो. कलम 82 प्रमाणे परवानाधारकाच्या वारसाला तीन महिने तो परवाना वापरता येतो. अट हीच की 30 दिवसांत कळवले पाहिजे. ज्या घराची चूल रिक्षावर चालते, त्या घराने या दोन मुदती दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात.

मृत्यूचा दाखला, आरसी, विमा आणि इतर वारसांची संमती ही मुख्य कागदपत्रे लागतात. इथे आम्हाला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. गाडी हाही तरक्याचाच भाग आहे. तिच्यात बेवा अम्मीचा आणि बहिणींचाही हिस्सा आहे. 'इथे सही कर' म्हणून बहिणीपुढे कागद सरकवण्याआधी गाडीची किंमत काय, तिचा हिस्सा किती आणि तो तिला कसा देणार, हे तिला सांगा. तिने राजीखुशीने सोडला तर गोष्ट वेगळी. पण न विचारता घेतला तर तो तिचा हक्क मारणे होय.

2021 पासून नोंदणीच्या वेळीच वारसदार म्हणून नॉमिनीचे नाव देण्याची सोय झाली आहे. जुन्या गाडीसाठीही ते नंतर जोडता येते. त्यामुळे कागदपत्रांची धावपळ कमी होते. मात्र नॉमिनी नेमल्याने बाकीच्या वारसांचा हिस्सा संपतो, असे समजू नये.

सीमेपलीकडची गाडी

विजयपूर आणि कलबुर्गी आपल्याला जवळ, हैदराबादशीही नाती. त्यामुळे कर्नाटक, तेलंगणातल्या गाड्या सोलापुरात सर्रास येतात. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात गाडी विकली तर नंबर तोच राहतो. पुण्याची बारा पासिंगची गाडी सोलापुरात आली तरी ती बाराच राहते. परराज्यातली गाडी मात्र 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे राहिली, तर कलम 47 प्रमाणे तिला इथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. म्हणून स्वस्तात मिळाली म्हणून गाडी घेताना हा कर किंमतीत धरूनच हिशेब करा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल, तर बँकेची एनओसी आणि नमुना 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

786 चा सोस

नंबराचा विषय निघाला की 786 ची गोष्ट निघणारच. ऑगस्ट 2024 मध्ये राज्य सरकारने पसंतीच्या नंबरांचे दर वाढवले. 0786 साठी चारचाकीला दीड लाखांवरून अडीच लाख आणि दुचाकीला वीस हजारांवरून पन्नास हजार रुपये झाले. तेव्हाच असे नंबर पती-पत्नी, मुलगा, मुलगी अशा जवळच्या नात्यात हस्तांतरित करण्याची मुभाही मिळाली. ब्रिटनमध्ये 80 पौंड भरून नंबर गाडीपासून वेगळा काढून स्वतःजवळ राखता येतो. आपल्याकडे मात्र गाडी बाहेरच्या माणसाला विकली की लाखो रुपयांचा नंबरही तिच्याबरोबर जातो.

786 म्हणजे बिस्मिल्लाहच्या अक्षरांच्या संख्यामूल्यांची बेरीज. तिला कुरआन-हदीसचा आधार नाही, असे अनेक उलेमा सांगत आले आहेत. ज्याची ऐपत आहे आणि ज्याला आवड आहे, त्याच्याशी आम्ही वाद घालत नाही. पण कर्ज काढून नंबर घेण्यापेक्षा गाडीत बसताना बिस्मिल्लाह म्हणणे सोपे आहे आणि त्याला फी लागत नाही.

नवी पाटी

1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे. तिच्यावर होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक असतो, आणि ती एकदा बसवली की सहज काढता येत नाही. महाराष्ट्रात तिचा दर दुचाकीला 450, तीनचाकीला 500 आणि चारचाकीला 745 रुपये, अधिक जीएसटी असा ठरला आहे. पाटी नसेल तर आरटीओतली नाव बदलण्यासारखी कामे अडतात. अक्षरे वाकवून 'दादा' किंवा 'बॉस' लिहिण्याचे दिवस आता संपले. गाडी अजून जुन्या मालकाच्या नावावर आणि त्याच्या मोबाईल क्रमांकावर असेल, तर पाटीच्या निमित्ताने तो जुना गुंता सोडवून टाका.

व्यवहार करताना

विकणाऱ्याने गाडी दिल्याची तारीख आणि वेळ घालून पावती करावी, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, घेणाऱ्याच्या आधार कार्डाची प्रत ठेवावी आणि नमुना 29 आरटीओत दाखल झाल्याची पोच स्वतःजवळ ठेवावी. घेणाऱ्याने आरसीवरचा चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीशी ताडून पाहावा, थकलेली ई-चलने आणि बोजा तपासावा आणि काही रक्कम नाव बदलून होईपर्यंत राखून ठेवण्याचे आधीच ठरवावे. नाव बदलण्याची मूळ सरकारी फी दुचाकीला 150 आणि मोटारीला 300 रुपये आहे. कार्ड आणि टपालाचा खर्च वेगळा. अर्ज 'परिवहन' संकेतस्थळावरून करता येतो. महिनाभराने त्याच ठिकाणी गाडीचा नंबर टाकून आपले नाव गेले की नाही, हे पाहावे.

'आपल्याच माणसाकडे कागद कशाला मागायचा?' हा संकोच आपल्याकडे फार आहे. पण सूरह बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि खरेदी-विक्रीला साक्षीदार ठेवण्याची शिकवण आहे. ती परक्यांसाठी एक आणि भावासाठी दुसरी नाही. लिहिण्याने नाते तुटत नाही. उलट, न लिहिलेल्या व्यवहारांनी दोन सख्ख्या घरांची ये-जा बंद झालेली आपण सर्वांनी पाहिली आहे.

आपल्या कपाटातली आरसी आजच काढून पाहा. मागच्या पाच-दहा वर्षांत विकलेल्या गाड्या आठवा आणि त्या कुणाच्या नावावर आहेत, हे तपासा. एखादी अजून आपल्याच नावावर निघाली, तर घेणाऱ्याला आजच फोन करा.