डोंगरवाटेची सायकल : पंधरा हजारांत काय घ्यावे, काय सोडावे

आपल्या वस्त्यांतल्या मुलांच्या तोंडी 'एमटीबी' हा शब्द आता रुळला आहे. एमटीबी म्हणजे माउंटन बाइक : जाड टायरची, रुंद हँडलची, कच्च्या वाटेवर चालवायची सायकल. रविवारी पहाटे चार-पाच जण मिळून टेकडीवर, बंद खाणीच्या वाटेवर, तलावाकाठच्या कच्च्या रस्त्यावर निघतात. मुलीही जाऊ लागल्या आहेत. याचा आम्हाला आनंद आहे. चढावर तासभर सायकल चालवली की हृदय, फुफ्फुसे आणि मांड्यांना उत्तम व्यायाम होतो, आणि धावताना गुडघ्यांना बसतात तसे हादरे बसत नाहीत.

अडचण येते ती खरेदीच्या वेळी. आईने भिशीतून पैसे उचललेले असतात, वडिलांनी ओव्हरटाइम केलेला असतो. दुकानात पुढे-मागे शॉकअप असलेली, २१ गिअरची, भडक रंगाची सायकल उभी असते आणि ती नेमकी बजेटमध्ये बसते. सहा महिन्यांनी तीच सायकल जिन्याखाली धूळ खाते, किंवा उतारावर ब्रेक लागत नाही आणि मूल टाके घालायला दवाखान्यात येते.

म्हणून आमचे सांगणे असे : पैसे कमी असतील तर ते माप, ब्रेक आणि टायर यांवर घालावेत. शॉकअप आणि गिअरची संख्या शेवटी पाहावी. आणि हेल्मेटचे पैसे सायकल पाहायला जाण्याआधीच बाजूला काढावेत. यामागची कारणे आता एकेक पाहू.

हा खेळ भंगारातून आला

माउंटन बाइक हा श्रीमंतांचा खेळ आहे असे पुष्कळांना वाटते. तो सुरू झाला अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, तामलपाइस नावाच्या डोंगरावर. १९७०च्या दशकात तिथल्या तरुणांनी जाड टायरच्या जुन्या, टाकून दिलेल्या सायकली मिळवल्या आणि त्या डोंगरावरून उतरवायला सुरुवात केली. १९७६ पासून एका उतारावर ते शर्यत लावू लागले. उतरताना मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतले ग्रीस जळून जायचे. मग हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. त्यावरून त्या शर्यतीलाच 'रीपॅक', म्हणजे 'पुन्हा भरणे', हे नाव पडले.

१९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर ही मोठ्या संख्येने बनलेली पहिली माउंटन बाइक बाजारात आली. तिला शॉकअप नव्हते. सांगायचे इतकेच की शॉकअपशिवाय डोंगरवाट चालवता येते, ब्रेकशिवाय येत नाही.

पहिली गोष्ट : माप

दुकानदार '२६ची', '२७.५ची' किंवा '२९ची' सायकल म्हणतो तेव्हा तो चाकाचे माप सांगत असतो. आपल्याला आधी हवे ते फ्रेमचे माप. एकाच चाकाच्या सायकली लहान, मध्यम आणि मोठ्या फ्रेममध्ये येतात. साधारणपणे पाच फूट ते पाच फूट चार इंच उंचीला १५-१६ इंची फ्रेम, पाच फूट आठ इंचांपर्यंत १७-१८ इंची आणि त्याहून उंच माणसाला १९-२० इंची फ्रेम लागते. कंपनीनुसार थोडा फरक पडतो, म्हणून दुकानात उभे राहून पाहणे हाच खरा उपाय.

बूट घालून सायकलीची दांडी दोन पायांमध्ये घ्यावी आणि दोन्ही तळवे जमिनीवर टेकवावेत. दांडी आणि जांघ यांत किमान दोन इंच मोकळी जागा हवी. कच्च्या वाटेवर अचानक पाय टेकावा लागतो. जागा नसेल तर सगळा मार नाजूक भागावर बसतो.

शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो, तो हिशेब सायकलीला लावू नये. मोठ्या सायकलीवर मुलाचे हात ताणलेले राहतात, ब्रेकपर्यंत बोटे नीट पोचत नाहीत आणि तोल सावरायला जागा उरत नाही. मुलगी चालवणार असेल तर तिला दुकानात नेऊनच सायकल घ्यावी. हात लहान असतील तर ब्रेकची मूठ हँडलच्या जवळ आणणारा छोटा स्क्रू बहुतेक ब्रेकना असतो, तो दुकानातच फिरवून घ्यावा.

सीटची उंची अशी लावावी : सीटवर बसून पेडल सर्वांत खाली न्यायचे आणि त्यावर टाच ठेवायची. पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते, फार वर असेल तर मागच्या बाजूला. सीटच्या नळीवर एक मर्यादेची खूण असते. त्या खुणेच्या वर नळी काढू नये, ती मोडते. करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत असतील तर तळहाताच्या त्या बाजूच्या नसेवर दाब पडतो आहे असे समजावे. हँडल थोडे वर किंवा जवळ घ्यावे आणि मधूनमधून हाताची पकड बदलावी.

दुसरी गोष्ट : ब्रेक

कमी किमतीच्या सायकलींना दोन प्रकारचे ब्रेक येतात. एक रिमला रबर घासणारा 'व्ही' ब्रेक, दुसरा वायरने ओढला जाणारा डिस्क ब्रेक. तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक ब्रेक सर्वांत चांगला, पण तो सहसा याहून महाग सायकलींवर असतो. पंधरा हजारांच्या आत चांगला डिस्क ब्रेक मिळाला तर तो घ्यावा, कारण रिम ओली आणि चिखलाची झाली की 'व्ही' ब्रेक उशिरा लागतो. मात्र ढिसाळ डिस्कपेक्षा नीट बसवलेला 'व्ही' ब्रेक बरा.

वायरच्या डिस्क ब्रेकमध्ये बहुधा एकच पॅड सरकतो, दुसरा स्थिर असतो. पॅड झिजले की स्थिर पॅड स्क्रूने जवळ आणावा लागतो. हे काम मेकॅनिककडून एकदा शिकून घ्यावे.

दुकानातली परीक्षा सोपी आहे. दोन बोटांनी ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलावी. चाक जागीच अडले पाहिजे आणि मूठ हँडलला टेकता कामा नये. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे वापरावेत, अंग मागे न्यावे. नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबला की माणूस हँडलवरून पुढे पडतो.

तिसरी गोष्ट : टायर

टायरच्या बाजूला त्याची रुंदी लिहिलेली असते. कच्च्या वाटेसाठी ती दोन इंचांहून थोडी जास्त, म्हणजे २.१ ते २.३ असावी. आपल्या राज्यातल्या वाटा एकसारख्या नाहीत. पुणे-नाशिकच्या टेकड्यांवर उन्हाळ्यात सुटा मुरूम असतो, त्यावर चाक गोट्यांवरून गेल्यासारखे घसरते. मराठवाडा-विदर्भात पावसात काळी माती टायरला चिकटून फ्रेममध्ये अडकते आणि चाकच फिरेनासे होते. म्हणून टायर आणि फ्रेम यांत बोट सहज फिरेल इतकी जागा आहे का, ते पाहावे. आणि बाभळीचा काटा तर सगळीकडेच आहे. टायरच्या आत घालायची प्लास्टिकची पट्टी थोड्या पैशांत पुष्कळ पंक्चर वाचवते.

टायरमध्ये हवा दगडासारखी घट्ट भरू नये. साठ किलोच्या माणसाला कच्च्या वाटेवर साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा पुरते. टायरवर छापलेल्या मर्यादेच्या खाली मात्र जाऊ नये. जाड टायर आणि बेताची हवा हाच गरिबाचा शॉकअप. हवा बरोबर असली की हादरे तर कमी होतातच, चाकाची पकडही वाढते.

शॉकअप आणि गिअर

स्वस्त शॉकअपमध्ये फक्त स्प्रिंग असते. ती दबते आणि तितक्याच जोराने उसळते. तिला आवरणारी यंत्रणा आत नसते, वजन मात्र वाढते. मागचा स्वस्त शॉकअप तर चढावर पेडलला लावलेला जोर खातो आणि त्याचे सांधे काही महिन्यांत खुळखुळू लागतात. म्हणून या किमतीत पुढे-मागे शॉकअपची सायकल घेऊ नये. साधा, ताठ चिमटा असलेली किंवा फक्त पुढे शॉकअप असलेली सायकल घ्यावी.

गिअरच्या बाबतीत संख्येला भुलू नये. पुढे ३ आणि मागे ७ चक्रे मिळून २१ गिअर होतात, पण त्यांतले बरेच जवळजवळ सारखेच असतात. चढासाठी एकच पाहावे : पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दाते मागच्या सर्वांत मोठ्या चक्राच्या दात्यांपेक्षा कमी आहेत का? पुढे २४ आणि मागे २८ दाते असतील तर पेडलच्या एका फेरीत चाक एका फेरीपेक्षा कमी फिरते, म्हणून चढ झेपतो. पुढे ३२ आणि मागे २८ असतील तर त्याच चढावर गुडघ्यांवर जास्त जोर येतो.

फ्रेम स्टीलची असेल तर जड असते, पण तडा गेला तर चांगला कारागीर ती जोडू शकतो. अॅल्युमिनियमची हलकी असते, पण तिचे वेल्डिंग नाक्यावरच्या वेल्डरचे काम नव्हे. दोन्ही चालतील.

जुनी सायकल घेताना

जुन्या सायकलीत त्याच पैशांत चांगले ब्रेक मिळू शकतात. हँडलखाली जिथे फ्रेमच्या नळ्या जोडल्या जातात तिथे रंगाला भेग किंवा सुरकुती दिसली तर ती सायकल घेऊच नये. चाक फिरवून ते आउट आहे का पाहावे. चेन पट्टीने मोजावी : चेनचे २४ दुवे, एका पिनच्या मध्यापासून, बरोबर १२ इंच भरतात. ते १२ इंच आणि एक अष्टमांश भरले तर चेनबरोबर मागची चक्रेही बदलावी लागतील. तो खर्च किमतीतून कमी करून घ्यावा.

सायकल नवी असो वा जुनी, पेडलच्या मधल्या कण्याखाली कोरलेला फ्रेम नंबर टाकून पावती घ्यावी. 'ही सायकल कुठून आणलीस?' हा प्रश्न वस्तीतल्या मुलाला आधी विचारला जातो. त्याचे उत्तर मुलाच्या मोबाइलमध्ये पावतीच्या फोटोच्या रूपात असावे.

पैशांची वाटणी

हाती १५,००० रुपये असतील तर सायकल १२,०००ची पाहावी. १,५०० हेल्मेटला, १,००० पंप, जादा ट्यूब आणि पंक्चरच्या सामानाला, ५०० पहिल्या सर्व्हिसिंगला ठेवावेत. नव्या सायकलीच्या वायरी आणि आरे पहिल्या महिन्यात सैल होतात, म्हणून हे सर्व्हिसिंग टाळू नये.

हेल्मेट सायकलीचे असावे, त्यावर 'ईएन १०७८' किंवा 'सीपीएससी' ही खूण पाहावी. ते कपाळावर, भुवयांच्या दोन बोटे वर बसले पाहिजे. पट्टा हनुवटीखाली लावलाच पाहिजे. एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलावे.

पडल्यावर

ड्रेसिंगच्या खोलीत आम्ही सायकलवरून पडलेली पुष्कळ मुले पाहिली. हात टेकून पडल्याने मनगट आणि गळपट्टीचे हाड मोडते, हे घरच्यांच्या लक्षात येते. लक्षात येत नाही ते पोटावर हँडलचे टोक बसल्याचे. बाहेर नुसता गोल वळ दिसतो आणि आत यकृत किंवा प्लीहा फाटलेली असू शकते. पोट दुखत राहिले, उलटी झाली, मूल फिकट पडले किंवा घाम सुटला तर लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे. हँडलच्या टोकांची बुचे निघाली असतील तर ती दहा-वीस रुपयांत आजच बसवावीत, कारण उघडी नळी जास्त घात करते.

डोक्याला मार लागल्यावर उलटी, झोपाळूपणा, वाढती डोकेदुखी किंवा बरळणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. १०८वर फोन करावा, ही रुग्णवाहिका मोफत आहे. खरचटले असेल तर वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने माती पूर्ण धुवावी. हळद, कॉफी, टूथपेस्ट यांतले काही लावू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन सरकारी लसीकरणात १० आणि १६ व्या वर्षी मिळते. ते झाले आहे का, हे आरोग्य केंद्रात विचारून घ्यावे. मातीची खोल जखम असेल तर इंजेक्शन आधी झालेले असले तरी विचारावे.

वाटेवर निघण्याआधी दोन मिनिटे काढावीत : दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत, चाकांचे नट घट्ट आहेत का पाहावे, टायर अंगठ्याने दाबावा, हेल्मेटचा पट्टा लावावा. एकट्याने जाऊ नये आणि कोणत्या वाटेने जातो ते घरी सांगून निघावे. दुकानात जाताना मोजपट्टी आणि जो सायकल चालवणार आहे तो, दोघांनाही बरोबर न्यावे.