मागच्या चाकांची नाचानाच

तीन-चारशे हॉर्सपॉवरची गाडी. चालकानं इंजिन तापवलं, पायाखालचा क्लच झटक्यात सोडला आणि गाडी सुसाट सुटण्याऐवजी जागच्या जागी धाडधाड हादरायला लागली. मागची चाकं रस्ता पकडतात, सोडतात, पुन्हा पकडतात. आत बसलेल्याला वाटतं, बुडाखाली कुणी घण घालतंय. याला म्हणतात व्हील हॉप. पाय वेळीच काढला नाही, तर शाफ्ट तुटतो किंवा डिफरन्शियलचे दात जातात.

मूळ दुखणं पिळाचं. इंजिन चाकाला पुढे रेटतं, तेव्हा ॲक्सलचं घर उलट फिरायला बघतं आणि पिनियनचं तोंड वर उचलतं. मागे जीपसारखे पाटे असतील, तर ते नागमोडी वळतात. टायर घसरला की पाटा सटकन सरळ होतो, पकड परत येते आणि पुन्हा पीळ बसतो. इलाज दोनच: पीळ घट्ट आवळून धरा, नाहीतर त्याचा ताल बिघडवा. अमेरिकेतल्या कंपन्यांनी गेल्या साठ वर्षांत हे दोन्ही करून पाहिलं. त्यातले काही किस्से ऐकण्यासारखे आहेत.

नव्या कोऱ्या गाडीला भोकं

1965 साली कॅरोल शेल्बीच्या लॉस एंजेलिसमधल्या कारखान्यात फोर्डकडून पांढऱ्या शुभ्र मस्टँग यायच्या आणि तिथं त्यांची 306 हॉर्सपॉवरची जीटी 350 व्हायची. चाचण्या घेणाऱ्यांत शर्यतपटू केन माइल्स होता. मागच्या ॲक्सलला आवर घालायला शेल्बीच्या लोकांनी ॲक्सलवरून पुढे जाणारे दोन जाडजूड दांडे बसवले. पण ते दांडे जायचे कुठून? वाटेत गाडीचा पत्रा! मग कोऱ्या गाडीचा तळ कापायचा, दांडा आत घ्यायचा आणि फटीला रबरी बूट चढवायचा. जोडीला कोनी कंपनीचे शॉक आणि ॲक्सल फार खाली लोंबू नये म्हणून तारेचे दोर. चाकं ताळ्यावर आली, पण गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. गाडीतलं डेट्रॉइट लॉकर नावाचं डिफरन्शियल वळणावर असा खडखडाट करायचं की मालकाला वाटायचं, काहीतरी मोडलं. 1966 मध्ये, जुना माल संपल्यावर, दांडे मुकाट्यानं ॲक्सलखाली गेले, पत्रा कापणं बंद झालं आणि लॉकर हवा असेल त्यालाच मिळू लागला.

एक शॉक पुढे, एक मागे

शेव्हरोलेनं 1967 ची कमारो बाजारात आणली ती मागे दोन्ही बाजूंना एकेकच पान असलेल्या पाट्यावर. स्वस्त आणि हलका पाटा, साध्या इंजिनाला पुरेसा. मोठं व्ही-एट बसलं की मात्र चाकांचा थयथयाट सुरू. जास्त ताकदीच्या मॉडेलना कंपनीनं एक दांडा दिला, तोही फक्त उजव्या बाजूला. का? प्रॉपेलर शाफ्टच्या पिळानं उजवं चाक उचललं जातं आणि तेच आधी घसरतं. पुढच्याच वर्षी तगड्या मॉडेलना अनेक पानांचे पाटे मिळाले आणि खरी गंमत शॉकमध्ये झाली. एक ॲक्सलच्या पुढे, दुसरा मागे. आता ॲक्सल स्वतःभोवती फिरायला गेला, की एक शॉक दाबला जातो आणि दुसरा ताणला जातो. खर्च फारसा नाही, नुसती जागांची अदलाबदल.

क्रायस्लरवाल्यांनी हाच वाकडेपणा पाट्यातच भरला. तिथले काही इंजिनिअर सुट्टीत ड्रॅग रेस खेळायचे. त्यांच्या क्लबचं नाव रॅमचार्जर्स. त्यांच्या शर्यतीच्या पाट्यात ॲक्सलच्या पुढचा भाग आखूड आणि कडक असतो, म्हणजे तोच दांड्याचं काम करतो. शिवाय डाव्या आणि उजव्या पाट्याची घडण वेगळी. नवख्या माणसानं त्यांची अदलाबदल केली, तर गाडी तिरकी उभी राहणार.

जुन्याच बोल्टवर नवा संसार

पाटे गेले, प्रत्येक चाक स्वतंत्र झालं, म्हणून रोग गेला असं नाही. 1999 च्या मस्टँग कोब्राला फोर्डनं मागे स्वतंत्र सस्पेन्शन दिलं, पण अट घातली: अख्खा सांगाडा जुन्या सलग ॲक्सलच्या बोल्टच्या जागीच बसला पाहिजे. रबरी बुशांवर टांगलेला हा सांगाडा 2003 च्या सुपरचार्जर लावलेल्या 390 हॉर्सपॉवरच्या कोब्राखाली चांगलाच डोलायचा. काही ड्रॅगवाल्यांनी तो उतरवून सरळ जुना ॲक्सल चढवला. बोल्टच्या जागा त्याच असल्यामुळे काम सोपं होतं! 2005 मध्ये फोर्डनंही सलग ॲक्सल परत आणला आणि स्वतंत्र सस्पेन्शन पुन्हा आलं ते 2015 च्या गाडीत. तीच गाडी 2016 मध्ये भारतात आली, पण फक्त ऑटोमॅटिक. टॉर्क कन्व्हर्टर धक्का मुरवतो, त्यामुळे क्लच सोडून चाकं नाचवायची सोय इथल्या मालकाला मिळालीच नाही.

एक शाफ्ट बारीक, एक जाड

मला सगळ्यांत आवडणारा किस्सा कॅडिलॅकचा. पहिली सीटीएस-व्ही या नाचासाठी बदनाम होती. 2009 ची दुसरी आवृत्ती आली 556 हॉर्सपॉवर घेऊन, म्हणजे दुखणं वाढायलाच हवं. इंजिनिअरांनी चाकांकडे जाणारे दोन शाफ्ट मुद्दाम वेगळे केले: एक 35 मिलिमीटर जाडीचा, दुसरा 55. दोघांचा ताठपणा वेगळा, म्हणून पिळून सुटण्याचा वेळही वेगळा. एक चाक उडी घ्यायच्या बेतात असतं, तेव्हा दुसरं अजून पीळच खात असतं. ताल जमतच नाही. कमारोच्या शॉकची युक्ती चाळीस वर्षांनी शाफ्टमध्ये उतरली. पुढे कमारो झेडएल-1 नेही तीच उचलली.

गॅरेजमधला हिशेब

मालकाला मात्र शाफ्ट बदलणं परवडत नाही. त्याच्या हाती असतात बुश आणि शॉक. गाडी लिफ्टवर घ्या आणि डिफरन्शियलच्या नाकाखाली पहार लावून दाबा. मूळचं रबर असेल, तर ते जडशीळ घर हलताना डोळ्यांना दिसतं. पट्टीचा मेकॅनिक आधी सबफ्रेम, म्हणजे मागच्या सस्पेन्शनचा सांगाडा, जखडतो, मग चांगले शॉक घालतो आणि डिफरन्शियलच्या बुशांना सगळ्यांत शेवटी हात लावतो. कारण तिथं ॲल्युमिनियम बसलं, की चाकं गप्प होतात आणि क्राउन-पिनियनची घरघर थेट कानात येते. म्हणून शर्यतीच्या गाडीला ॲल्युमिनियम आणि रोज ऑफिसला न्यायच्या गाडीला पॉलियुरेथेन. ज्याला चाकंही गप्प हवीत आणि केबिनही, त्याने क्लच जरा सावकाश सोडावा. त्याला खर्च काहीच नाही.