बेसबॉल : प्रथम बेसरक्षकाची पारख व निवड

अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा यांतील ३० व्यावसायिक संघांच्या ‘मेजर लीग बेसबॉल’ ह्या सर्वोच्च साखळीत दरवर्षी नवोदित खेळाडूंची जी क्रमवार निवड होते, तिला ‘ड्राफ्ट’ असे म्हणतात. ह्या निवडीपूर्वी शालेय व महाविद्यालयीन खेळाडूंचा खेळ प्रत्यक्ष पाहून त्यांच्या भावी कर्तृत्वाचा अंदाज बांधणाऱ्या तज्ञांस ‘स्काउट’ अथवा पारखी ही संज्ञा आहे. सर्व स्थानांवरील खेळाडूंत पहिल्या बेसवर खेळणाऱ्या जोरदार फटकेबाजाची पारख विशेष अवघड मानली जाते. त्याच्याकडून अपेक्षित असलेला गुण, म्हणजे चेंडू मैदानाबाहेर टोलवून ‘होमरन’ मिळविण्याची शक्ती, सहज नजरेत भरतो; परंतु तीच शक्ती अव्वल दर्जाच्या गोलंदाजीपुढे टिकेल किंवा कसे, हे मात्र त्यावरून ठरत नाही. [⟶ बेसबॉल].

इतिहास : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नवोदित खेळाडूस करारबद्ध करण्याची संघांना मोकळीक होती. सेंट लूइस कार्डिनल्स ह्या संघाचा सूत्रधार ब्रँच रिकी (१८८१–१९६५) याने १९२० नंतरच्या दशकात कनिष्ठ संघांचे जाळे उभारून खेळाडू घडविण्याची पद्धती रूढ केली. मोठ्या शहरांतील धनाढ्य संघ भरघोस रकमा देऊन होतकरू तरुणांना आकृष्ट करीत. परिणामी दुर्बळ संघ अधिकच दुर्बळ होत. ह्या विषमतेस व वाढत्या खर्चास आळा घालण्यासाठी जून १९६५ मध्ये पहिला ड्राफ्ट घेण्यात आला. त्यात ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचा रिक मंडे याची कॅन्झस सिटी ॲथलेटिक्स संघाने सर्वप्रथम निवड केली. प्रथम क्रमांकाचा हा मान पहिल्या बेसवरील खेळाडूंच्या वाट्याला क्वचितच आला. १९६७ मध्ये रॉन ब्लूमबर्ग (न्यूयॉर्क यांकीज) व २००० मध्ये एड्रिअन गोन्झालेझ (फ्लॉरिडा मार्लिन्स) ही त्याची उदाहरणे होत. २०२० मध्ये डिट्रॉइट टायगर्सने प्रथम निवडलेला स्पेन्सर टॉर्कलसन हा विद्यापीठात पहिल्या बेसवर खेळत असे. मात्र संघाने त्याचे नाव तिसऱ्या बेसवरील खेळाडू म्हणून पुकारले. पुढे तो पहिल्या बेसवरच स्थिरावला.

निवडपद्धती : संयुक्त संस्थाने, कॅनडा व प्वेर्त रीको येथील रहिवासी ड्राफ्टला पात्र असतात. माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेला, पण महाविद्यालयात न गेलेला विद्यार्थी निवडता येतो. चार वर्षांच्या महाविद्यालयात प्रवेश घेतल्यास मात्र सामान्यतः तिसरे वर्ष पूर्ण होईपर्यंत किंवा वयाची २१ वर्षे भरेपर्यंत थांबावे लागते. आदल्या हंगामात तळाशी राहिलेल्या संघास आधी निवड करू देणे, हे ह्या पद्धतीचे मूळ तत्त्व होय. तथापि २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिले सहा क्रमांक सोडत काढून ठरविण्यात येऊ लागले. २०१२ ते २०१९ ह्या काळात निवडीच्या ४० फेऱ्या होत. २०२० मध्ये करोना साथीमुळे त्या पाचवर आल्या व २०२१ पासून २० करण्यात आल्या. पहिल्या दहा फेऱ्यांतील प्रत्येक क्रमांकास २०१२ पासून एक निर्धारित रक्कम जोडलेली असून तिच्या बेरजेवरून संघाची खर्चमर्यादा ठरते. त्यामुळे एका खेळाडूवर अधिक रक्कम खर्चिल्यास दुसऱ्यासाठी ती कमी पडते आणि चुकीच्या निवडीची किंमत संघास अनेक वर्षे मोजावी लागते.

स्थानाचे स्वरूप : पहिल्या बेसवरील खेळाडूचे मुख्य काम म्हणजे इतर क्षेत्ररक्षकांनी फेकलेला चेंडू, फलंदाज बेसवर पोहोचण्यापूर्वी, एक पाय बेसला लावून झेलणे. उंची, लांब हात व आखूड टप्प्याचा चेंडू उचलण्याचे कौशल्य ह्या कामी उपयोगी पडते. धावण्याचा वेग आणि लांब फेकीची ताकद यांची येथे इतर स्थानांइतकी गरज भासत नाही. डावखुऱ्या खेळाडूस आतील मैदानात खेळण्यास हे जवळजवळ एकमेव स्थान असते. कारण दुसरा बेस, तिसरा बेस व शॉर्टस्टॉप येथून डाव्या हाताने पहिल्या बेसकडे चेंडू फेकताना शरीर वळवावे लागते व त्यात क्षण वाया जातो.

क्षेत्ररक्षणाच्या दृष्टीने हे स्थान तुलनेने सोपे असल्यामुळे फलंदाजीच्या अपेक्षा मात्र वाढतात. शॉर्टस्टॉप किंवा कॅचर साधारण फलंदाज असला, तरी त्याच्या क्षेत्ररक्षणामुळे संघात त्याची जागा टिकते. पहिल्या बेसवरील खेळाडूस असा आधार नसतो. खेळाडूंचे एकूण मूल्य धावांत मोजण्याच्या एका प्रचलित पद्धतीत पूर्ण हंगामासाठी शॉर्टस्टॉपला ७·५ धावा अधिक दिल्या जातात, तर प्रथम बेसरक्षकाच्या १२·५ धावा वजा केल्या जातात. म्हणजे दोघे समान मूल्याचे ठरण्यासाठी क्षेत्ररक्षणातील त्यांची कामगिरी आपापल्या स्थानाच्या मानाने सारखीच धरल्यास प्रथम बेसरक्षकाने बॅटने २० धावांचे अधिक योगदान द्यावे लागते. शिवाय वयोमानाने मंदावलेले इतर स्थानांवरील खेळाडूही अखेरीस पहिल्या बेसकडे वळतात. त्यामुळे शाळेतच ह्या स्थानावर खेळणाऱ्या मुलाबद्दल पारखी सावध असतात. फलंदाजी फसल्यास त्याला हलविण्यास दुसरी जागा उरत नाही. उजव्या हाताने फेकणाऱ्या व उजव्या बाजूने फटकावणाऱ्या प्रथम बेसरक्षकाविषयी ही साशंकता अधिकच असते. कारण बहुसंख्य पिचर उजव्या हाताचे असतात व त्यांच्याविरुद्ध डावखुऱ्या फलंदाजास चेंडू अधिक चांगला दिसतो.

गुणांकन : खेळाडूंचे मूल्यमापन २० ते ८० गुणांच्या श्रेणीत करतात. त्यात ५० गुण हे मेजर लीगमधील सरासरी दर्जाचे, तर ८० गुण असाधारण दर्जाचे निदर्शक होत. फटक्यातील अचूकता, फटक्यातील शक्ती, धाव, फेक व क्षेत्ररक्षण ह्या पाच अंगांना स्वतंत्र गुण दिले जातात. प्रत्येक अंगास सद्यःस्थिती व भावी मर्यादा असे दोन अंक देण्याची प्रथा आहे. पारख्याचे खरे कसब दुसऱ्या अंकात असते.

शक्तीचेही दोन प्रकार मानतात. सरावाच्या वेळी हळू फेकलेल्या चेंडूवर दिसणारी ती ‘कच्ची शक्ती’ आणि सामन्यात प्रत्यक्ष उतरणारी ती ‘खेळातील शक्ती’. हा भेद प्रथम बेसरक्षकाच्या बाबतीत निर्णायक ठरतो. ताशी सु. १५३ किमी. वेगाने फेकलेला चेंडू फलंदाजापर्यंत सु. ०·४ सेकंदात पोहोचतो. तेवढ्या अवधीत चेंडूचा वेग, वळण व टप्पा ओळखून बॅट फिरवायची की नाही, हे ठरवावे लागते. ज्याला हे ओळखता येत नाही, त्याच्या अंगी ८० गुणांची कच्ची शक्ती असली, तरी ती निरुपयोगी ठरते. म्हणून पारखी पुढील बाबी बारकाईने पाहतात : शरीरालगत आलेल्या वेगवान चेंडूवर बॅट वेळेवर येते काय, वळणाऱ्या वा मंद चेंडूने फसल्यावर पुढील खेपेस फलंदाज स्वतःत सुधारणा करतो काय, बाहेरचे चेंडू तो सोडून देतो काय, आणि फटका केवळ एकाच बाजूस न जाता मैदानाच्या सर्व भागांत जातो काय. चुकलेले फटके व मिळविलेले ‘वॉक’ यांचे प्रमाण म्हणूनच होमरनांच्या संख्येइतकेच महत्त्वाचे मानतात.

पारखीची साधने : प्रत्येक संघ देशाचे विभाग पाडून त्यांवर पारखी नेमतो. विभागीय पारखी वसंत ऋतूत शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर फिरून अहवाल लिहितो. निवडक खेळाडूंची वरिष्ठ पारखी फेरतपासणी करतात आणि अंतिम क्रमवारी पारखविभागाचा संचालक ठरवितो. जाणता पारखी सामन्यापूर्वीच येऊन फलंदाजीचा सराव पाहतो. बॅटवर चेंडू आदळण्याचा आवाज, पायांची हालचाल, बाद झाल्यानंतरचे वर्तन, शरीराची ठेवण व पुढे वजन वाढण्याची शक्यता यांची तो नोंद करतो.

आकडेवारीचा अर्थ लावताना तारतम्य लागते. महाविद्यालयीन सामन्यांत १९७४ पासून धातूच्या बॅटला परवानगी मिळाली. अशा बॅटवरून चेंडू अधिक वेगाने उसळत असल्याने सामान्य फलंदाजही बलवान भासू लागले. २०११ मध्ये ह्या बॅटच्या उसळीवर कडक मर्यादा घालण्यात आल्या. व्यावसायिक सामने मात्र लाकडी बॅटनेच खेळले जातात. म्हणून मॅसॅचूसेट्समधील केप कॉड येथे उन्हाळ्यात भरणाऱ्या व १९८५ पासून लाकडी बॅट वापरणाऱ्या स्पर्धेतील कामगिरीस विशेष वजन दिले जाते. उंचावरील विरळ हवा, लहान मैदान व दुबळे प्रतिस्पर्धी यांचाही हिशोब करावा लागतो.

विद्युत्‌ साधनांमुळे ह्या कामात मोठा पालट घडून आला. मेजर लीगच्या सर्व मैदानांवर २०१५ पासून ‘स्टॅटकास्ट’ ही मापनयंत्रणा कार्यान्वित झाली. तत्सम रडारयंत्रे अनेक विद्यापीठांतही बसविण्यात आली. चेंडू बॅटवरून सुटतानाचा वेग व कोन त्यांवर मोजता येतो. ताशी सु. १५८ किमी. वेग व २६ ते ३० अंशांचा कोन साधल्यास फटका अत्यंत फलदायी ठरतो, असे आढळते. ह्या मोजमापांमुळे जमिनीलगत जोरदार फटके मारणारा, म्हणजे शक्ती असूनही होमरन कमी असलेला खेळाडू ओळखता येतो व त्याचा कोन सुधारण्याचा प्रयत्न करता येतो. मात्र फलंदाजाचा धीर व शिकण्याची वृत्ती कोणतेही यंत्र मोजत नाही.

यशापयश : ह्या पारखीची अनिश्चितता २००८ च्या ड्राफ्टवरून स्पष्ट होते. त्या वर्षी पहिल्या २३ निवडींत एरिक हॉस्मर (क्रमांक ३), योंडर अलोन्झो (७), जस्टिन स्मोक (११), डेव्हिड कूपर (१७), आयक डेव्हिस (१८) व ॲलन डिक्स्ट्रा (२३) असे सहा प्रथम बेसरक्षक होते. हॉस्मरला करारापोटी सु. ६० लक्ष डॉलर मिळाले. २०१५ मध्ये विश्वविजेत्या ठरलेल्या कॅन्झस सिटी रॉयल्सचा तो आधारस्तंभ होता व क्षेत्ररक्षणाबद्दल त्याला चार वेळा ‘गोल्ड ग्लव्ह’ हा पुरस्कार लाभला. परंतु एका हंगामात त्याचे २५ हून अधिक होमरन कधीच झाले नाहीत. स्मोकने २०१७ मध्ये ३८ होमरन केले, पण तोपर्यंत निवडीस नऊ वर्षे उलटून तो तिसऱ्या संघात दाखल झाला होता. डेव्हिसने २०१२ मध्ये ३२ होमरन केले. पुढे त्याला ती उंची राखता आली नाही. कूपर व डिक्स्ट्रा यांना मेजर लीगमध्ये अल्पकाळच खेळता आले.

याउलट मागाहून निवडलेल्यांपैकी काहींनी असामान्य यश मिळविले. आल्बर्ट पुहोल्स याची १९९९ मध्ये तेराव्या फेरीत, ४०२ व्या क्रमांकावर निवड झाली. त्याचे शरीर व क्षेत्ररक्षणातील स्थान यांविषयी पारख्यांत साशंकता होती. पहिल्या बेसवर स्थिरावलेल्या ह्या खेळाडूने २०२२ अखेर ७०३ होमरन केले. पॉल गोल्डश्मिट २००६ मध्ये ४९ व्या फेरीत निवडला गेला. ते न स्वीकारता तो टेक्सस स्टेट विद्यापीठात गेला, २००९ मध्ये आठव्या फेरीत निवडला गेला आणि २०२२ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. फ्रँक टॉमस याला १९८६ मध्ये शाळा सोडताना एकाही संघाने निवडले नाही. ऑबर्न विद्यापीठातील खेळानंतर १९८९ मध्ये तो सातव्या क्रमांकावर निवडला गेला व त्याने कारकीर्दीत ५२१ होमरन केले. १९८८ मध्ये ६२ व्या फेरीत प्रथम बेसरक्षक म्हणून जवळजवळ उपकारादाखल निवडलेला माइक पियाझा हा कॅचर बनून विख्यात झाला. पारख अचूक ठरल्याचे अलीकडील उदाहरण म्हणजे वेक फॉरेस्ट विद्यापीठाचा निक कुर्ट्‌झ. ॲथलेटिक्सने २०२४ मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडलेल्या ह्या डावखुऱ्या फलंदाजाने जुलै २०२५ मध्ये एकाच सामन्यात चार होमरन केले. पदार्पणाच्या हंगामात असा पराक्रम करणारा तो पहिलाच खेळाडू होय.

मर्यादा व महत्त्व : पारख्याचा निर्णय संघाइतकाच खेळाडूच्या आयुष्यावर परिणाम करणारा असतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलास करार स्वीकारावा की विद्यापीठाची शिष्यवृत्ती, ह्यांपैकी एकाची निवड करावी लागते. वरच्या क्रमांकाच्या खेळाडूस मोठी रक्कम मिळते. खालच्या फेऱ्यांतील खेळाडूस मात्र कनिष्ठ संघांतून दीर्घकाळ तुटपुंज्या वेतनावर खेळावे लागे. २०२३ मध्ये ह्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाल्यावर त्यांच्या वेतनात लक्षणीय वाढ झाली. २०२० मध्ये पाच फेऱ्यांत निवड न झालेल्यांना करारासाठी २०,००० डॉलरहून अधिक रक्कम देण्यास संघांना मनाई होती. त्यामुळे अनेकांना पुन्हा महाविद्यालयाची वाट धरावी लागली. निवडलेल्यांपैकीही बरेचसे मेजर लीगपर्यंत पोहोचत नाहीत. प्रथम बेसरक्षकाच्या बाबतीत हा धोका अधिक असतो, कारण त्याचे सर्व मूल्य एकाच अंगावर विसंबून असते. म्हणूनच चेंडू किती दूर जातो यापेक्षा तो फलंदाजास किती लवकर उमगतो, हे पाहणे ह्या पारखीचे मर्म समजले जाते.