लाल वर्तुळं

परवा एक विद्यार्थी लॅपटॉप घेऊन आला. “सर, प्रोग्रॅममधले चार थ्रेड चित्रात दाखवायचेत, जरा बघता का?” एआयकडून त्याने ग्राफिक्स करून आणलं होतं. रंगीत वर्तुळं झोकात फिरत होती. मी त्याचा मूळ प्रोग्रॅम बंद केला. वर्तुळं फिरतच राहिली! त्या चित्राचा प्रोग्रॅमशी काडीचा संबंध नव्हता. मला ते फार लागलं, कारण अशी चित्रं खरी करण्यातच माझी कितीतरी वर्षं गेली होती.

टर्बो सीच्या दिवसांचं सांगण्यासारखं फार नाही. पडद्यावर 16 रंग, थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं, नाहीतच. एका लूपमध्ये पाच कामं आळीपाळीने पुढे ढकलायची.

1998 च्या सुमारास आमच्या लॅबमध्ये जावा आली आणि पुढची दहा वर्षं मी ॲपलेटपायी, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या छोट्या जावा प्रोग्रॅमपायी, वेडा झालो. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्राने 1965 मध्ये परीक्षेला घातलेला प्रश्न टेप ड्राइव्हसाठी अडून बसलेल्या संगणकांचा होता. होअरने त्यांचे जेवायला बसलेले पाच तत्त्ववेत्ते केले. पाच माणसं, पाच काटे, दोन हाती आले तरच घास. हेच आम्ही ॲपलेटमध्ये आणलं: पडद्यावर विचार करणारा पिवळा, भुकेला लाल, जेवणारा हिरवा. आधी प्रत्येक तत्त्ववेत्त्याचा थ्रेड आपलं वर्तुळ आपणच रंगवायचा, पडदा नुसता लुकलुकायचा. मग ठरवलं, थ्रेडने फक्त वर्दी द्यायची, चित्र एकानेच काढायचं. तरी डेडलॉक दिसेना, कारण वर्दी देण्यात जाणाऱ्या क्षणभराने थ्रेडचा क्रमच बदलायचा. चित्र जोडलं की चूक गायब, काढलं की हजर. शेवटी डावा काटा उचलल्यावर जराशी झोप घातली. पाचही जणांनी डावा काटा धरला, पाचही वर्तुळं लाल झाली आणि पडदा थिजला. मागून कुणीतरी म्हणालं, “सर, हँग झालं.” त्या तासाला डेडलॉकची व्याख्या सांगावी लागली नाही.

त्याच बॅचच्या ओरलला एक्स्टर्नल म्हणाले, “चित्रांना मार्क नाहीत, आउटपुटचा प्रिंटआउट लावा.” पोरांनी मुकाट्याने लावला. मला ते आजही पटलेलं नाही. छापील आउटपुट प्रोग्रॅम ज्या वेळी नीट चालला, त्याच वेळचं असतं. अडकलेल्या वेळी छापायला काही उरतच नाही.

पुढे 2015 मध्ये क्रोमने ॲपलेट चालवणाऱ्या प्लगिनचा जुना दरवाजा बंद केला, 2017 मध्ये जावा 9 ने ॲपलेट कालबाह्य ठरवलं, वर्षभरात जावा 11 मधून प्लगिनही गेलं. त्यात सुरक्षेची भोकं होती, हे खरंच. पण कितीतरी शिक्षकांनी मेहनतीने केलेली चित्रं त्याबरोबर मुकी झाली आणि त्यांच्या जागी ही एआयची भरजरी, खोटी चित्रं आली.

लॅपटॉप घेऊन आलेल्या त्या मुलाला मी बसवून घेतलं. कुलूप (लॉक) मागितलं, मिळालं, सोडलं, एवढ्या तीनच वर्द्या त्याच्या थ्रेडमधून काढायला लावल्या. तीन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या दिवशी दोन वर्तुळं लाल होऊन एकमेकांसमोर थांबली. त्याने आधी माऊस हलवून पाहिला, मग माझ्याकडे.