माप आणि वजन

चाकण परिसरातील खेड्यांत पूर्वी धान्य चिपटे, मापटे, शेर व पायली यांनी मोजले जाई. चार शेरांची एक पायली होत असे. या मापांनी धान्याने व्यापलेली जागा कळते, वजन नव्हे. १९५६ च्या कायद्यान्वये देशात मेट्रिक पद्धती आली, तरी लिटर व किलोग्रॅम यांतही हाच भेद आहे.

एक लिटर पाणी सुमारे १ किलो भरते. त्याच मापात तेल सुमारे ९२० ग्रॅम, तर तांदूळ सुमारे ८०० ग्रॅम मावतो. कारण दाण्यांच्या फटींत हवा असते. पीठ सैल भरले तर याहूनही हलके भरते, व दाबले तर अधिक मावते.

शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गांतील प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य ठरलेले आहे. ६० मुलांस ६ किलो तांदूळ हवा. त्याऐवजी लिटरची सहा मापे घेतल्यास सुमारे ४ किलो ८०० ग्रॅमच पडेल, म्हणजे १२ मुलांचा वाटा कमी होईल.

यास्तव नवे पोते उघडताच शिक्षकांनी माप शिगोशीग न भरता काठाबरोबर सपाट भरावे, तीनदा तोलावे व सरासरी वजन मापावर लिहून ठेवावे. तोलण्याचे व सरासरीचे काम मुलांकडून करवून घेतल्यास गणिताचा पाठही होईल आणि कोणाच्या ताटात उणे पडणार नाही.