शस्त्रक्रिया हैदराबादला, संसार आदिलाबादला

आपल्या स्मरणिकेत आजवर मी लिहिले ते लसीकरणावर, अतिसारावर आणि एकदा शाळकरी मुलांच्या दप्तरांवर. या वर्षी संपादक मंडळाने स्थूलतेवरील शस्त्रक्रिया हा विषय सुचवला, तेव्हा तो एखाद्या शल्यविशारद मित्राकडे सोपवावा असेच मी म्हटले होते. परंतु ही शस्त्रक्रिया कशी करतात हे सांगणारे पुष्कळ आहेत. ती करून घरी परतलेला माणूस पुढे कसा जगतो हे सांगणारे थोडे. त्या थोड्यांमध्ये मी मोडते. ज्या वर्षी आपल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, त्या २०१६ सालच्या हिवाळ्यात हैदराबादच्या एका खासगी रुग्णालयात माझ्यावर गॅस्ट्रिक बायपास झाला. जिल्हा आणि मी एकाच वर्षी आटलो, असे आमचे यजमान आल्यागेल्याला सांगतात.

तेव्हा माझे वजन ११२ किलो होते आणि उंची १५६ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय ४६. अकरा वर्षांचा मधुमेह, दिवसाला साठ युनिट इन्सुलिन, रात्री श्वास अडकू नये म्हणून नाकावर यंत्र, आणि बाह्यरुग्ण विभागात तपासणीच्या टेबलाशी वाकताना कुरकुरणारे गुडघे. आहार आणि व्यायाम यांचे प्रयोग मी वीस वर्षे केले होते. ‘ऑपरेशन म्हणजे आळशी माणसाची पळवाट’ असे म्हणणारे आपल्या व्यवसायातही आहेत. त्यांच्याशी वाद घालण्याची हौस मला उरलेली नाही. ज्याने दहा वेळा दहा किलो कमी करून बारा किलो परत मिळवले आहेत, त्याला हे शरीराचे शास्त्र अधिक कळते. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया केलेल्या गटात मृत्यूचा धोका सुमारे २९ टक्क्यांनी कमी आढळला. माझा निर्णय त्या आकड्यावर झाला.

आमच्या भागात पुष्कळांच्या कानांवर ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा पडली ती २०११ साली नितीन गडकरी यांच्यावर मुंबईत ती झाली तेव्हा. २०१७ मध्ये इजिप्तहून मुंबईत आणलेल्या इमान अहमद यांच्या बाबतीत तर वर्तमानपत्रे किती किलो उतरले याचा हिशेबच छापत होती. त्या मे महिन्यात अबुधाबीला गेल्या आणि सप्टेंबरात वारल्या, तोवर तो हिशेब थांबलेला होता. त्यामानाने वसईच्या महिलेची कथा मला अधिक बोधप्रद वाटते. जवळजवळ ३०० किलो वजनाच्या या महिलेवर डॉ. शशांक शहा यांनी २०१५ मध्ये स्लीव्ह आणि २०१७ मध्ये बायपास अशा दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया केल्या आणि २०१९ पर्यंत वजन ८६ किलोवर आले. जन्माच्या वेळी ते बाळ नेहमीसारखे तीन किलोचे होते आणि वजन वाढू लागले ते सहाव्या वर्षापासून. सहावे वर्ष म्हणजे माझ्या खात्यातले वर्ष. आई त्याला ‘खात्यापित्या घरचं लेकरू’ म्हणून कौतुकाने माझ्यापुढे उभे करते, ते हेच वय.

बायपासमध्ये काय होते हे संघटनेबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी, साधारण ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग वर आणून तिला जोडतात. उरलेले जठर आणि आतड्याचा पहिला हिस्सा पोटात तसाच राहतो, पण अन्न त्या वाटेने जात नाही. एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी १९६६ साली अमेरिकेतील आयोवा येथे याची पहिली रीत बसवली. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून काढतात आणि आतड्याला हात लावत नाहीत. भूक, तृप्ती आणि साखर यांचे नियमन करणारी संप्रेरके या बदलाने पालटतात. म्हणूनच वजन उतरण्यापूर्वीच साखर उतरते. तिसऱ्या आठवड्यात माझे इन्सुलिन बंद झाले तेव्हा मी फक्त नऊ किलोने कमी झाले होते.

जखमा आठवड्यात भरल्या. खरी गोष्ट त्यानंतर सुरू झाली. पहिले पंधरा दिवस पातळ ताक, गाळलेले वरण आणि भाताची पेज. तेही घोट-घोट, दर पाच मिनिटांनी. मग मिक्सरमधून काढलेले, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी घरचे जेवण. घरचे म्हणजे तीन चमचे वरण आणि कुस्करलेली पाव भाकर. जेवताना पाणी प्यायचे नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबायचे. आधी प्रथिने, मग भाजी, जागा उरली तर धान्य, हा क्रम आपल्या ताटाच्या नेमका उलट आहे. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने शाकाहारी स्वयंपाकातून एवढ्या लहान पिशवीत बसवणे ही कसरत मी अजून करते. पिठले, दही, पनीर, मूग आणि सोयाबीन. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन शेतात मावत नाही, पण ते बाजाराच्या वाटेने जाते, स्वयंपाकघराच्या वाटेने येत नाही.

चौथ्या महिन्यात केस गळू लागले. फणीत गुंता यायचा. शरीराला बसलेल्या धक्क्याने होणारी ही गळती काही महिन्यांत थांबते हे मी पुस्तकात वाचलेले होते आणि तरीही आरशापुढे रडले. त्याच सुमारास गावात कुजबुज सुरू झाली. आपल्याकडे माणूस झपाट्याने वाळला की टीबी, साखर किंवा कॅन्सर यांपैकी एकच निदान होते. एक आजीबाई नातवाला दाखवायला आल्या आणि जाताना माझा हात धरून म्हणाल्या, “बाई, लपवू नका, औषध घ्या.”

लग्नसराईतल्या आग्रहाचे तर काय सांगावे! पुलिहोरा आणि पुरणपोळी एकाच ताटात वाढणारा आपला हा सीमाभाग. इथे नको म्हणणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. पहिल्या वर्षी एका मुंजीत यजमानीणबाईंनी ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणत श्रीखंडाची वाटी संपवायला लावली. वीस मिनिटांत छाती धडधडू लागली, अंगाला दरदरून घाम सुटला, आणि त्यांच्याच माजघरात मला आडवे व्हावे लागले. साखर त्या पिशवीतून थेट आतड्यात उतरते आणि शरीर तारांबळ उडाल्यासारखे वागते. याला डम्पिंग म्हणतात. काहींना दोन-तीन तासांनी साखर एकदम खाली जाऊनही चक्कर येते. तेव्हापासून मी आग्रहाला ‘डॉक्टरांची मनाई आहे’ असे उत्तर देते. डॉक्टर मीच असल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही.

वजन ७४ पर्यंत उतरले आणि आता ८२ आहे. हे लिहिताना संकोच वाटत नाही, कारण स्वीडनच्या त्याच अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या दोन वर्षांत ३२ टक्के उतरले होते आणि दहाव्या वर्षी २५ टक्के उतरलेले राहिले. चिवडा, बिस्किटे, आइसक्रीम हे पदार्थ अरुंद वाटेनेही सुळकन जातात. भाकर अडते, ते अडत नाहीत. साखर मात्र एका गोळीवर ताब्यात आहे आणि नाकावरचे यंत्र माळ्यावर आहे. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपेटाइड आणि त्याच वर्षी जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात आल्यापासून ‘आता ऑपरेशन कशाला’ असे पुष्कळ जण विचारतात. औषधे प्रभावी आहेत. पण थांबवली की वजन परतू लागते, आणि मासिक खर्च प्रत्येकाला पेलेलच असे नाही. दोन्ही मार्गांना जन्मभराची साथ लागते, एवढे साम्य मला दिसते.

आता वैद्यकबंधूंसाठी काही. हैदराबाद इथून तीनशे किलोमीटर आणि नागपूर दोनशे. शस्त्रक्रिया तिकडे होते, पण रात्री दोन वाजता उलटी झालेला रुग्ण तुमच्या दाराशी येतो. आठवडाभर उलट्या होत असलेल्या अशा रुग्णाला थायमिन दिल्याशिवाय ग्लुकोजची बाटली लावू नका. शरीरातला थायमिनचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो. त्यावर ग्लुकोज चढवले तर डोळ्यांची हालचाल बिघडणे, तोल जाणे, भ्रम होणे आणि कायमची स्मृतिहानी इथवर प्रकरण जाऊ शकते. दुसरे, गुडघ्यासाठी सर्रास टोचले जाणारे डायक्लोफिनॅक. बायपासच्या जोडावर त्याने व्रण होतो, पॅरासिटामॉलवर भागवा. तिसरे, वजन उतरल्यानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी जेवणानंतर उठणारी पोटातली कळ. आतडे आतल्या फटीत अडकलेले असू शकते आणि साधा एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. तिला गॅस म्हणून परत पाठवू नका. सीटी स्कॅन करा आणि शल्यविशारदाला फोन करा. आणि गरोदर स्त्रीला बायपास झाला असेल तर ग्लुकोज पाजून करायची साखरेची चाचणी तिच्यावर लादू नका; तिचे माझ्या श्रीखंडासारखे होईल.

गरोदरपणाचा विषय निघालाच आहे, तर ज्या रुग्णामुळे हा लेख लिहिण्यास मी तयार झाले तिच्याविषयी सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नऊ महिन्यांचे बाळ घेऊन सासू-सून आल्या होत्या. बाळ गुटगुटीत पण फिकट, केस विरळ व तांबूस, बोटांच्या सांध्यांवर काळेपणा. सहाव्या महिन्यात बसू लागलेले ते बाळ आता मानही सावरेना. हसणे थांबलेले, नजर हरवलेली, आणि हातांना बारीक कंप. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांना हे चित्र १९५० च्या दशकापासून परिचित आहे. आईच्या दुधातच ब-१२ नसले की अंगावर पिणाऱ्या बाळाचे असे होते. शाकाहारी घरांत ते मी अनेकदा पाहिले आहे. पण या बाळाचे चित्र नेहमीपेक्षा फार गडद होते.

मी रक्ताचे नमुने पाठवत असताना सासूबाईंनी पिशवीतून डिंकाचा लाडू काढून सुनेच्या हाती दिला. तिने नको म्हटले. त्यांनी बाळंतिणीला कसे पाहिजे ते सांगितले. तिने अर्धा खाल्ला. थोड्या वेळाने ती बाकावर घामाघूम होऊन डोळे मिटून बसली. परिचारिका रक्तदाबाचे यंत्र आणायला धावली. मला यंत्राची गरज नव्हती. सासूबाईंना औषधाच्या दुकानात पाठवून मी तिला एवढेच विचारले, “बायपास केव्हा झाला?”

लग्न ठरत नव्हते म्हणून माहेरच्यांनी एका मोठ्या शहरात तो करवून घेतला होता. सासरी पित्ताशयाचे ऑपरेशन म्हणून सांगितले होते. पोटावरच्या खुणा सारख्याच दिसतात. जन्मभर घ्यायच्या गोळ्या सासरी उघड्यावर ठेवणार कशा? त्या लग्नाच्या महिन्यातच बंद झाल्या. शस्त्रक्रियेनंतर किमान बारा ते अठरा महिने दिवस राहू देऊ नयेत असा सल्ला असतो. वजन उतरल्यावर मात्र थांबलेली पाळी सुरळीत होते आणि गर्भ लवकर राहतो. तिला आठव्या महिन्यातच राहिला. प्रसूतीपर्यंत लोह आणि फॉलिक आम्ल मिळाले, ब-१२ चे कोणी विचारले नाही, कारण पोटात काय बदलले आहे हे कोणाला ठाऊकच नव्हते. फॉलिक आम्ल भरपूर आणि ब-१२ अपुरे अशा मातांच्या मुलांमध्ये इन्सुलिनचा प्रतिरोध अधिक दिसतो, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून चालवलेल्या पुणे मातृपोषण अभ्यासातून दाखवले आहे. म्हणजे आईने ज्या आजारातून सुटण्यासाठी पोट बदलून घेतले, त्याचेच बीज लेकराकडे जाण्याची ही वाट.

सासूबाईंना मी खोटे सांगितले नाही आणि सगळेही सांगितले नाही. सुनेच्या अंगात एक जीवनसत्त्व मुरत नाही, तिला दर महिन्याला इंजेक्शन आणि रोज तीन गोळ्या लागतील, आणि गोड तिला सोसत नाही, असे चिठ्ठीवर मराठीत लिहून दिले. गोळ्यांचे डबे तेव्हापासून देवघराशेजारच्या फळीवर असतात. बाळाला ब-१२ ची इंजेक्शने सुरू केल्यावर चौथ्या दिवशी ते आईकडे पाहून हसले. कंप आठवडाभर उलट वाढला, तसा तो वाढतो, आणि दीड महिन्यात गेला.

मूल आता अडीच वर्षांचे आहे. धावते, वस्तू फेकते, माझ्या स्टेथोस्कोपला लोंबकळते. शब्द मात्र दहा-बाराच आहेत आणि वाचा-उपचारांसाठी त्याला पंधरा दिवसांनी नागपूरला न्यावे लागते. परवा त्याची आई इंजेक्शनसाठी आली होती. दुसऱ्या मुलाचा विचार करू का, असे तिने विचारले, आणि नवऱ्याला आपण सगळे सांगितले आहे, हेही जाता जाता सांगितले. सासूबाई अजून लाडू करतात. ते तो खातो.