घुमट: मडके, चामडे आणि डावा हात

चवथीच्या रात्री पेडण्यात किंवा डिचोलीत कुठल्याही वाड्यावर जा. एका घरची आरती संपवून पथक पुढच्या घरी निघालेले असते आणि माणसे दिसण्याआधी घुमटाचा नाद कानावर येतो. लहानपणापासून ऐकत आल्यामुळे आपल्याला त्याचे काही वाटत नाही. पण हे वाद्य बनते कसे, असे बाहेरच्या मित्राने विचारले तर आपल्यातले किती जण नीट सांगू शकतील?

घुमट म्हणजे मुळात मातीचे मडके, फक्त दोन्ही बाजूंनी उघडे. एक तोंड मोठे, एक लहान, मध्ये फुगीर पोट. मोठ्या तोंडावर चामडे ताणून बसवतात, लहान तोंड मोकळेच ठेवतात. वादक ते दोरीने गळ्यात अडकवतो. उजवा हात चामड्यावर बोल काढतो आणि डाव्या हाताचा तळवा लहान तोंडाची उघडझाप करतो. खरी गंमत या डाव्या हातात आहे. तोंड मोकळे असले की पोटातली हवा खुली घुमते. झाकत आणले की नाद दबतो आणि खाली उतरतो. नवशिका उजव्या हाताकडे बघत बसतो, जाणता माणूस डावा हात बघतो.

घुमट एकटे वाजत नाही. युरोपातल्या मॅंडोलिनच्या वाद्यवृंदात मॅंडोलिन, मॅंडोला, मॅंडोचेलो अशी एकाच कुळातली लहानमोठी वाद्ये सूर वाटून घेतात. आमच्या पथकात कामाची वाटणी वेगळी: घुमटे बरीच, त्यांच्या जोडीला दोन काठ्यांनी वाजवायचे शामेळ आणि ताल धरणारी कासाळे. आरतीला हाच संच, आणि नुसत्या वादनाची सुंवारी रंगते तीही याच संचावर. तिकडे ख्रिस्ती घरांत मांडो गाताना व्हायोलिनच्या शेजारी हेच घुमट असते. देव्हारा वेगळा, मडके तेच.

आता घडण. मडके हे कुंभाराचे काम, आणि डिचोलीची कुंभारकला गोव्यात सर्वांना ठाऊक आहे. चाकावर आकार देताना मोठ्या तोंडाचा काठ बाहेर वळवावा लागतो, नाहीतर चामड्यावरची दोरी धरणार कुठे? भाजल्यावर टिचकी मारून बघतात. खणखणीत वाजले तर ठीक. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. मग भिजवलेले चामडे तोंडावर ओढून काठाखाली दोरीने घट्ट आवळायचे. वाळताना ते आपोआप ताणले जाते. चवथ येते पावसात, दमट हवेत चामडे सैल पडते, म्हणून वाजवण्याआधी घुमट आगीजवळ शेकून घेतात.

हे चामडे पूर्वी घोरपडीचे असायचे: पातळ पण चिवट. मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिले. तिला मारणे आणि तिचे चामडे विकणे हा गुन्हा आहे. तरी चोरून काम चालूच राहिले आणि घुमट वाजवणे म्हणजे काहीतरी लपवण्यासारखे, असे झाले. यातून वाट काढली बकरीच्या चामड्याने. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला, तो या बदलामुळेच शक्य झाला. जुने वादक म्हणतात, ‘तो आवाज आता नाही.’ त्यांचे कान खोटे बोलत नाहीत. बकरीचे चामडे जाड, त्याचा नाद निराळा. पण आजची मुले शिकतात ती याच चामड्यावर आणि त्यांच्यासाठी घुमटाचा आवाज हाच. जंगलातला एक जीव वाचवून वाद्य टिकत असेल, तर हा सौदा महाग नाही.

मला काळजी वाटते ती मडक्याची. आरतीच्या स्पर्धांत आज महिलांची आणि मुलांचीही पथके उतरतात, वाजवणारे हात वाढताहेत. कुंभाराच्या घरात मात्र पुढची पिढी चाक सोडून नोकरीकडे वळते. चामड्याला पर्याय मिळाला, तसा मातीला मिळणार नाही. म्हणून मित्रांनो, येत्या चवथीला घुमट विकत घ्याल तेव्हा दोन प्रश्न नक्की विचारा: चामडे कशाचे? आणि मडके कोणी घडवले?